धातू जुना, रबर नवे

होडीच्या पिछाडीस अडकविलेल्या आउटबोर्ड यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचे आयुष्य पाने-पक्कडी चालविण्यात जाते असा सार्वत्रिक समज असला, तरी यंत्र जुने असेल तेव्हा त्याचा अधिक काळ सुट्या भागांच्या शोधात आणि शहानिशेत जातो. ओल एव्हिनरूड यांनी १९०९ साली मिलवॉकी येथे ज्या यंत्राचा व्यापार आरंभिला, त्या घराण्याचीच स्थिती पाहा: एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे जिच्या छत्राखाली नांदली, ती आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन २००० सालच्या डिसेंबरात दिवाळखोरीत निघाली, वारसा बॉम्बार्डियरकडे गेला, आणि तिच्यातून निघालेल्या बीआरपीने २०२० साली एव्हिनरूडची निर्मितीही थांबविली. यंत्रे मात्र अद्याप पाण्यावर आहेत.

भाग शोधण्यापूर्वी यंत्राची ओळख निर्विवाद ठरवावी लागते. कारण मालक जे साल सांगतो ते बहुधा खरेदीचे असते, घडणीचे नव्हे. १९८० पासून आउटबोर्ड मरीनने साल मॉडेल क्रमांकाच्या अखेरीकडील दोन अक्षरांत नोंदविले: ‘इन्ट्रोड्यूसेस’ या इंग्रजी शब्दाची दहा अक्षरे अनुक्रमे एक ते नऊ आणि शून्य या अंकांसाठी योजिली, म्हणजे ‘सी’ आणि ‘ओ’ आढळले की यंत्र १९८५ चे. खाऱ्या हवेने क्रमांकाची पट्टी खाल्ली असेल, तर सिलिंडरच्या ठोकळ्यावरील वाटोळ्या बुचावर ठोकलेले अंक तपासावेत. पुढचे काम दफ्तरी आहे. सातबाऱ्यावरील फेरफारांप्रमाणे भागाचा क्रमांकही वेळोवेळी बदलतो, आणि जुना क्रमांक रद्द झाला एवढ्यावरून भाग नामशेष झाला असे समजणारा माणूस रिक्त हस्ते परततो. वस्तुतः तोच भाग नव्या क्रमांकाने, किंवा जॉन्सनचा म्हणून मिळत नसेल तर एव्हिनरूडचा म्हणून, हाती येऊ शकतो.

परंतु जो भाग मिळाला तो घेण्याजोगा आहे काय, हा खरा विवेकाचा प्रश्न होय. दंतचक्रे, दट्ट्या, क्रँकशाफ्ट ही धातूची मंडळी भंगारातून आली, तरी मापे व दात तपासून निःशंकपणे बसवावीत. उलट पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर मूळ वेष्टनात वर्षानुवर्षे पडून असला, तरी त्याची पाती कडक झालेली असतात, आणि असा ‘नवा’ इंपेलर भर समुद्रात यंत्र तापवून मालकाला वल्ह्यावर आणतो. इंधनाच्या नळ्या आणि कार्बोरेटरमधील रबरी भाग यांनाही हाच न्याय लागू आहे. किंबहुना पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळू लागल्यापासून जुन्या साठ्यातील रबर अधिकच अविश्वसनीय झाले आहे. गॅस्केट योग्य जाडीच्या कागदातून कापता येते, बुश लेथवर उतरविता येतो. मात्र लहान यंत्रांत पंखा दांड्यावर धरून ठेवणाऱ्या नरम पिनेच्या जागी पोलादी खिळा कदापि ठोकू नये, कारण खडकावर आदळताच स्वतः तुटून दंतचक्रे वाचविणे हेच त्या पिनेचे विहित कर्तव्य असते.

होडीमालकांना म्हणून एवढीच विनंती, की बंद पडलेले यंत्र वजनावर विकण्यापूर्वी त्याचा क्रमांक वहीत उतरवावा, खालची गिअरपेटी गोड्या पाण्याने धुऊन, ताजे तेल भरून ठेवावी, आणि तिच्यातील रबर मात्र निर्दयपणे फेकून द्यावे.