सायलेन्सरचे बोल्ट सारखे ढिले का होतात

आज पिकाचं नाही, ट्रॅक्टरचं लिहितोय.

आमच्या वढूत भीमेकाठी ऊस तुटला की पाचट कुट्टीची घाई असते. यंदा खोडव्यात कुट्टी चालू असताना इंजिनातून 'टक टक टक' आवाज यायला लागला. बॉनेट उघडलं तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे दोन्ही टोकांचे बोल्ट ढिले, सांध्यापाशी काजळीचा काळा पट्टा. महिन्यात तिसऱ्यांदा. मिस्त्री यायचा, पान्याला पाइप लावून आवळायचा, चहा पिऊन जायचा. चार दिवसांनी परत तेच.

आवाजाचं सोडा हो. लोडवर इंजिनाचा धूर चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापलेला असतो. सायलेन्सरमधून गेला तर वर निघून जातो, सांध्यातून फुटला तर बॉनेटखालीच घुसतो. आणि कुट्टीत बॉनेटखाली काय साठतं ते तुम्हाला माहीत आहे: वाळक्या पाचटाचा भुसा. शेजारून डिझेलच्या नळ्या. उभ्या रानात ट्रॅक्टर पेटायला अजून काय पाहिजे?

पुतण्या सणसवाडीला कंपनीत मेन्टेनन्सला आहे. रविवारी आला, बघितलं आणि म्हणाला, "तात्या, बोल्टचा दोष नाय. मॅनिफोल्ड त्याला रोज हलवतंय."

त्याचा हिशोब असा. बीड शंभर अंश तापलं की मीटरला साधारण १.१ मिमी वाढतं. मॅनिफोल्ड ४० सेंमीचं, तीनशे अंशांनी तापलं तर १.३ मिमी लांबतं. हेडला पाण्याचं कूलिंग, ते पाव मिमीच्या आसपासच वाढतं. म्हणजे दर टोकाला अर्धा मिमी घसरण, आणि गार झालं की परत मागे. टोकाचेच बोल्ट का सुटतात ते तेव्हा कळलं.

स्प्रिंग वॉशर काढले तर चपटे झालेले. तापून त्यांची स्प्रिंगच मरते. नायलॉनचा लॉकनट इथे वितळतो, निळं लॉकटाइटही १८० अंशांच्या वर कामाचं नाही. पाइप लावून आवळणं तर सगळ्यात वाईट. स्टड ताणला जातो, एक दिवस हेडमध्येच तुटतो, मग खर्च बघा.

आम्ही इंजिन पूर्ण गार असताना मॅनिफोल्ड उतरवलं. काजळी खरवडली, सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घातला तर एका टोकाला ०.३ मिमी फट. वर्कशॉपमधून फेसिंग करून आणलं. नवीन गॅस्केट, नवीन स्टड, पूर्ण धातूचे लॉकनट. आवळताना मधून सुरुवात, मग दोन्ही टोकांकडे, तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं. पुतण्यानं टॉर्क रेंच आणला होता. मग अर्धा तास लोडवर चालवलं, रात्रभर गार केलं, सकाळी परत रेंच लावला. दोन नट थोडे फिरले. (काही गॅस्केटना परत आवळायचं नसतं, मॅन्युअल बघा.)

पण खरा चोर वेगळाच निघाला. उभ्या सायलेन्सरला आधार देणारी पट्टी तुटली होती. एवढी लांब नळी खड्ड्यात डुलायची आणि पहारीसारखी मॅनिफोल्ड उचकटायची. ते तीनदा आवळणाऱ्या मिस्त्रीला दिसलं नाही, आश्चर्य आहे. पट्टी नवीन करून बसवली.

हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल, म्हणजे मोटारसायकल, नाहीतर तारकर्लीला पर्यटकांना फिरवतात ती जेट स्की, तर जास्त जपा. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट वाढतं आणि मऊ असतं, जोर लावला की आटेच निघून येतात.

त्यानंतर साठ तास कुट्टी झाली, काजळी नाही. आता रोज संध्याकाळी इंजिन गार झालं की मॅनिफोल्डवरचा भुसा हवेनं उडवतो आणि आधाराची पट्टी हातानं हलवून बघतो.