नाव घातलेला तांब्या आणि नाताळचा गोठा

नाताळला घर सजवताना बाजारातून काय आणायचे हे ठरवण्याआधी घरातली जुनी वस्तू कुठे बसणार हे ठरवावे, असा माझा आग्रह असतो. बहुतेक घरांत उलटे घडते. आधी झाड येते, माळा येतात, थर्माकोलचा तयार गोठा येतो आणि आजीचे गीतपुस्तक उरलेल्या कोपऱ्यात टेकवले जाते. पिंपरी-चिंचवडमध्ये तर हा क्रम बदलायलाच हवा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली एमआयडीसी आली आणि कारखान्यांमागे माणसे आली. नगर-जालन्याकडची मराठी ख्रिस्ती कुटुंबे आली, गोव्याची आली, केरळातली आली. गावचे घर, अंगण, चर्च मागे राहिले. ट्रंकेत मावले तेवढेच सोबत आले. चिखलीतल्या किंवा चाकणच्या नव्या इमारतीतल्या फ्लॅटला स्वतःचे जुनेपण नाही. ते आहे त्या ट्रंकेतल्या चार वस्तूंत, आणि म्हणून सजावट तिथूनच सुरू व्हावी.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की आमच्याकडे वारशाचे आहेच काय? नगर जिल्ह्यातली कितीतरी ख्रिस्ती घराणी भूमिहीनांची. त्यांच्याकडे चांदीची शमादाने कुठून असणार? पण वारसा किमतीवर मोजायचा नसतो. लग्नात आलेला, नाव घातलेला स्टीलचा तांब्या जवळून पाहा. बारीक ठिपक्यांनी कोरलेली अक्षरे, खाली देणाऱ्याचे नाव, गाव, तारीख. रोजच्या घासण्याने मधली अक्षरे पुसट झालेली. घराण्याचा एवढा नेमका दस्तऐवज दुसरा सापडणार नाही. त्यात शेवंती ठेवून तो गोठ्याशेजारी मांडला, अक्षरे पाहणाऱ्याकडे केली, की ओळख सांगायला वेगळी पाटी लागत नाही. ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाची शिवण सुटलेली प्रतही तशीच. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ती भक्तीला मराठी भजनाची चाल दिली. ती भजने ज्या पुस्तकातून घरात गायली गेली, ते काचेच्या कपाटात न ठेवता पेटीजवळ असावे. आणि गोठा? संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चो गावात देखावा उभा केला तो खऱ्या गवताचा, खऱ्या बैल-गाढवासह. त्या हिशेबाने गावाकडचे सूप, गोणपाट आणि खेड तालुक्यात सहज मिळणारा कडबा हे थर्माकोलपेक्षा मूळ कल्पनेच्या कितीतरी जवळचे आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: वापरले की खराब होते. खरे आहे, आणि इथे भावनेपेक्षा हाताची शिस्त उपयोगी पडते. जुन्या काचेच्या गोळ्यांना आतून चांदीचा मुलामा असतो. टोपीतून दमट हवा शिरली की तो काळवंडतो, ओल्या फडक्याने बाहेरचा रंगही जातो. त्यांना कोरडा मऊ ब्रशच पुरे. लग्नाची पांढरी जरीची साडी पडद्यासारखी लावायची तर टाचण्या नकोत, दांडीवरून मोकळी सोडावी. आवरताना घडीची जागा बदलावी, नाहीतर जर त्याच रेषेवर तुटते. पणजोबांच्या फोटोची प्रत काढून ती मांडावी, मूळ फोटो उजेडाबाहेर राहू द्यावा. पुस्तकाला चिकटपट्टी कधीच लावू नये. तिचा डिंक काही वर्षांनी कागद पिवळा करतो. आणि मेणबत्ती या सगळ्यांपासून दूर. एवढे करूनही थोडी झीज होईल. ती मला मान्य आहे, कारण माळ्यावरच्या बंद ट्रंकेतही कसर लागतेच, आणि तिथे ते वेळेवर कुणाच्या लक्षातही येत नाही.

मुलांना मात्र चमचमते झाड हवे असते, आणि ते त्यांना मिळावे. नव्या माळांशी माझे भांडण नाही; वेल्डर वडिलांनी सळ्या जोडून केलेल्या ताऱ्याच्या सांगाड्यात एलईडी उत्तम दिसतात. फक्त दोन-तीनच जुन्या वस्तू बाहेर काढाव्यात, दरवर्षी वेगळ्या. सगळ्या एकदम मांडल्या की घराचे दुकान होते आणि एकाही वस्तूबद्दल कुणी काही विचारत नाही. तीन राजांचा सण ६ जानेवारीला झाला की आवरताना प्रत्येक वस्तूच्या मलमलीत एक चिठ्ठी घालावी: कुणाची, कोणत्या गावची, कुणी दिली. ती चिठ्ठी घरातल्या सर्वांत लहान लिहित्या हाताकडून लिहून घ्यावी, आणि सांगण्याचे काम सर्वांत वयस्क माणसाने करावे.