चीक धरायला वेळ लागतो

दिवसभर मी इतरांसाठी लिहिते. शाम्पू, गृहकर्ज, गुडघेदुखी. संध्याकाळी स्वतःच्या कथेसाठी शब्दच उरत नाहीत. म्हणून यंदा पाडव्याला 'रोज हजार शब्द' असा संकल्प सोडलाच नाही.

आई कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवते, रोज पाणी बदलते. वरून बघणाऱ्याला काहीच घडत नाहीसं वाटतं. पण चीक त्याच दिवसांमुळे मिळतो. माझं वर्षही मी तसंच आखलंय.

चैत्र ते ज्येष्ठ फक्त वाचन आणि टिपणं. आषाढ ते आश्विन कच्चा खर्डा: आठवड्यातून तीन सकाळी, अर्धा तास, ऑफिसचा लॅपटॉप उघडण्याआधी. दिवाळीनंतर फेरलेखन. महिन्यातला एक रविवार पूर्ण कोरा. पाळीच्या दिवसांत सुट्टी. आणि स्क्रीनसमोर असताना दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवरचं काहीतरी बघायचं, डोळ्यांना तेवढाच विसावा.

फाल्गुनात एकच कथा हाती आली तरी चालेल. ती माझी असेल.

तुम्हालाही चित्रं काढायची असतील, गाणं शिकायचं असेल, तर कॅलेंडरवर आधी विश्रांतीचे दिवस लिहा. कामाचे दिवस त्यांच्या आजूबाजूला आपसूक बसतात.