सहाचा पाढा

डोंबिवलीच्या बाईला 'जागा नाही' हे वाक्य कळत नाही. कळलं तरी पटत नाही. तिघींच्या बाकावर चौथी बसते, तिचा निम्मा देह पॅसेजमध्ये तरंगत असतो, आणि तरी पाचवी येऊन विचारते, "घाटकोपर कोण?" सीट मिळावी म्हणून आधी उलटं कल्याणला जायचं आणि तीच गाडी धरून परत यायचं, हे आम्ही वर्षानुवर्षं केलं. 'जरा सरका' हा आमचा कुलमंत्र. अशा बायकांची जंगलसहल काढायची म्हणजे पहिला झगडा वाघाशी नसतो, या मंत्राशी असतो.

आता नोकरी सोडून मी छोट्या ग्रुपांच्या जंगलसहलीच काढते. पण पहिली सहल 2016 च्या मे अखेरीची, लोकलच्या ग्रुपची. दोघी ठाण्याच्या, चौघी डोंबिवलीच्या, एक कल्याणची, त्यांचे नवरे, मुलं, एक नणंद. ताडोबाला जायचं ठरलं ते विक्रोळी ते कुर्ला या टप्प्यात, आणि 'तू कर गं सगळं' असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं तेव्हा दादर आलं होतं.

"ताडोबा म्हणजे नागपूरला ना?" हा पहिला प्रश्न. नागपूरला उतरायचं, पण जंगल चंद्रपूर जिल्ह्यात. 1955 साली जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. मूळ उद्यान जेमतेम 116 चौरस किलोमीटरचं. 1986 साली शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. आज बफर धरून हा पसारा सतराशे चौरस किलोमीटरच्या वर जातो. एवढं सगळं मी वहीत लिहून काढलं होतं. ते कुणीही ऐकलं नाही. "वाघ दिसेल ना नक्की?" एवढंच सगळ्यांना हवं होतं. मी "दिसेल" म्हटलं. या धंद्यातली माझी ती पहिली थाप.

तारखांचं गणित वेगळंच. मंगळवारी ताडोबा बंद. पावसाळ्यात कोअर बंद. शाळा चालू तर मुलं बंद. मे महिन्यात पाणवठे आटतात, जनावर उरलेल्या पाण्यावर येतं, म्हणून दिसण्याची शक्यता जास्त; पण चंद्रपूरचा मे म्हणजे पंचेचाळीस अंशांच्या वरचा, आणि त्याच महिन्यात निम्म्या महाराष्ट्राची लग्नं. दोन पुतण्या आणि एक भाचा उजवून झाल्यावर मेचा शेवटचा आठवडा उरला. गुरुवारी रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस, शुक्रवारी नागपूर, पुढे बसने वरोरा-भद्रावतीवरून मोहर्ली; शनिवारी सकाळी आणि दुपारी एकेक सफारी, रविवारी सकाळी तिसरी, संध्याकाळी परतीची गाडी. पोचल्या दिवशी सफारी ठेवायची नाही हे मला तेव्हा कुणी शिकवलं नव्हतं, पण लोकलनं शिकवलं होतं. जोडगाडी मिळेल या भरवशावर डोंबिवलीचा माणूस पंच सोडून काहीही ठेवत नाही, आणि पंचही उशिराच होतो.

मग सहा आले. रेल्वेच्या एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा नावं. थ्री टियरच्या एका कप्प्यात समोरासमोर सहा बर्थ. जिप्सीत मागे सहा पर्यटक. पुढे चालक आणि गाइड. आम्ही अठरा. सहा त्रिक अठरा! मला इतका आनंद झाला होता की वहीत मी त्या आकड्याभोवती महिरप काढली. ठाण्याच्या सहा जणांचं एक तिकीट, बोर्डिंग ठाणे. उरलेल्या बाराजणांची दोन, बोर्डिंग कल्याण. कारण बोर्डिंग ठाणे लिहायचं आणि चढायचं कल्याणला, असं केलं तर मधल्या काळात टीसी जागा दुसऱ्याला देऊन मोकळा. तेव्हा रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं (आता 60 झालेत, म्हणजे माझी झोप निम्म्यानं कमी उडते), म्हणून जानेवारीतच सगळं पक्कं करायचं होतं.

आणि जानेवारीतच हळदीकुंकू असतं.

तिळगूळ हातावर ठेवता ठेवता ग्रुपमधली एक म्हणाली, "अगं, आमच्या सासूबाई पण म्हणतायत येते म्हणून. एकच तर माणूस आहे. ॲडजस्ट होईल ना?" सासूबाई समोर बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, नऊवारी, हातात वाणाची चाळणी. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की मी हो म्हणून बसले.

घरी येऊन हिशेब मांडला. जंगलात चौथी सीट नसते. सातव्या माणसाला गेटवरून आत सोडत नाहीत; त्याला सरकवून, मांडीवर घेऊन, पायाशी बसवून चालत नाही. परवान्यावर नाव आणि ओळखपत्राचा नंबर असतो, त्यामुळे मी माझी जागा आजींना देऊन गेटवर चहा पीत बसेन म्हटलं तरी ते जमत नाही. आणि खर्च माणशी नसतो, गाडीमागे असतो. जिप्सीत एक बसो की सहा, गाडीचं भाडं तेच, गाइडचे पैसे तेच. अठराजणांना तीन गाड्या लागतात, एकोणिसांना चार. म्हणजे एक आजी वाढल्या की प्रत्येकाचा सफारीचा खर्च सव्वापटीच्या थोडा वर जातो.

हे सांगितल्यावर आमचा प्रेमळ ग्रुप तीन दिवस एकमेकींशी अतिशय सभ्यपणे बोलत होता. सून म्हणे, चौथ्या गाडीचे आम्हीच देतो. दुसरी म्हणे, छे, असं कसं. ते 'छे' कुठून येत होतं ते मला ऐकू येत होतं. शेवटी मीच ठरवलं, चार गाड्या, सगळ्यांना सारखी वर्गणी, आणि विभागणी पाच, पाच, पाच, चार. ज्याला पटत नाही त्यानं आताच सांगावं. कुणी सांगितलं नाही. त्या एका निर्णयामुळे मला पुढचा धंदा सापडला हे तेव्हा कळलं नाही. सहाव्या माणसाची जागा रिकामी राहिली की रांगेतल्या दोघांनाही कडेची जागा मिळते, मधल्याला उठून कुणाच्या खांद्यावरून बघावं लागत नाही, पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या मध्ये राहतात, माणसं भांडत नाहीत. आजही माझ्याकडे जिप्सीत पाचच. 'सहा बसतात की' म्हणणाऱ्यांना मी दुसऱ्या कुणाचा तरी नंबर देते.

आजींच्या ओळखपत्राचा घोळ पुढे महिनाभर चालला. लग्नात नाव बदललेलं. मतदार कार्डावर सासरचं, बँकेच्या पासबुकावर माहेरचं, आणि सुनेला दोन्हीतलं कुठलं खरं हे बावीस वर्षांत विचारायची वेळच आली नव्हती. तेव्हा रेल्वेत ज्येष्ठांना सवलत होती, तीही सोडवत नव्हती. अखेर मतदार कार्डावरचं नाव गाडीला आणि जंगलाला, दोन्हीकडे लावलं. तेव्हापासून माझा नियम आहे, नाव तोंडी घेत नाही. कार्डाचा फोटो आल्याशिवाय यादीत माणूस नाही.

एप्रिलमध्ये रंगीत तालीम घेतली. ठाणेकरांच्या पाठीलाच राष्ट्रीय उद्यान आहे हे ठाणेकर सोडून सगळ्यांना माहीत असतं. संजय गांधी उद्यानाची येऊरची बाजू. एका रविवारी सकाळी सगळ्यांना तिथे नेलं आणि सांगितलं, पाऊण तास चालायचं, एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या चार मिनिटांत कुणाचा तरी गॅस बंद केला की नाही यावर चर्चा झाली. मी परत पहिल्यापासून वेळ लावली. तिसऱ्या खेपेला जमलं. जमलं तेव्हा तांबट पक्ष्याचं टुकटुक ऐकू आलं, वाळल्या पानांतून काहीतरी सरपटल्याचा आवाज आला, आणि एका गृहस्थांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की इतका वेळ गप्प ते लग्नाआधी होते. आजी मात्र तालमीत पहिल्या आल्या. ठरलेल्या जागी मी परत फिरा म्हणून खूण केली तरी त्या बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. मी सगळ्यांदेखत त्यांची पाठ थोपटली. ते फार महाग पडलं.

बाकी सूचना नेहमीच्याच. लाल-पांढरं नको, अत्तर नको, मोगऱ्याचा गजरा तर मुळीच नको (यावर मतदान झालं). डोकं-तोंड बांधायला सुती दुपट्टा, खिशात कांदा, पन्ह्याचा अर्क, मूळ ओळखपत्र. मोबाइल मी पिशवीत गोळा करणार. कोअरमधली मोबाइलबंदी पुढे 2018 च्या अखेरीस आली. मी ती दोन वर्षं आधीच आणली होती, कारण आमच्या ग्रुपमधल्या रिंगटोन मला पाठ होत्या.

शनिवारच्या सकाळी वाघ नाही. सांबर, चितळ, रानगवा, तलावाच्या काठावर मगर, रस्त्याकडेचे गोंड राजांच्या काळातले दगडी खांब. तलावापाशी तारूचं ठाणं आहे. वाघाशी लढताना मेलेला गावचा हा मुखिया पुढे देव झाला, त्याच्याच नावावरून ताडोबा, आणि पौषात त्याची जत्रा भरते असं गाइडनं सांगितलं. आजींनी बसल्या जागेवरून हात जोडले. दुपारीही वाघ नाही. रात्री जेवताना माझ्याकडे बघण्याची सगळ्यांची पद्धत बदलली होती. 'दिसेल' म्हणालेली मीच ना.

रविवारी पहाटे आमची चौघींची गाडी, म्हणजे आजी, सून, ठाण्याची एक आणि मी, तेलिया तळ्याशी एकटीच उभी होती. माकड खाकरलं. मग चितळाची हाक, पुन्हा एक. गाइडनं बोट वर केलं. बांबूतून वाघीण आली, आमच्याकडे ढुंकूनही न बघता काठावर गेली, पाण्याला पाठ केली आणि मागच्या पायांनी, उलटी, हळूहळू आत जाऊन बसली. फक्त डोकं आणि खांदे वर. वाघ पाण्यात बहुतेक असाच शिरतो हे मी वाचलं होतं, पण वाचलेलं आणि समोर घडणारं यांत फार फरक असतो. दहा मिनिटं असेल. श्वाससुद्धा मोजून घेत होतो.

त्या दहा मिनिटांत आजी झोपल्या होत्या. पदर तोंडावर, मान खांद्यावर. सुनेनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. हात पुढे गेला आणि थांबला. हलवलं असतं तर "काय गं?" म्हणून दचकून ओरडल्या असत्या. येऊरला तीनदा वेळ लावून घोटवलेला धडा तो. वाघीण उठली, निथळली, बांबूत गेली. मग आजी जाग्या झाल्या आणि माझ्या शिकवणीला जागून कुजबुजत्या आवाजात म्हणाल्या, "आला का?"

बाकीच्या गाड्यांपैकी एकीला रानकुत्रे दिसले, दोन रिकाम्या. जेवणाच्या टेबलावर आमच्या गाडीतल्या दोघींनी तीच गोष्ट तीन वेळा सांगितली. आजी वरणभात कालवत ऐकत होत्या. मला मान वर करावेना. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पाण्यात नेमकी कशी बसली म्हणालीस?" मी ताकाची वाटी पुढे ओढली आणि चमचा उलटा करून, दांड्याकडून, हळूच आत सरकवून दाखवला. त्यांनी परत एकदा दाखवायला लावलं.

सोमवारी पहाटे कल्याणला उतरलो. आजींना न्यायला नातू आला होता, कॉलेजातला, झोपाळलेला. "काय आजी, दिसला का वाघ? की फोटोच बघून आलीस?"

"वाघ नव्हे, वाघीण," आजी म्हणाल्या. "आणि फोटो कुठला, हिनं फोन काढून घेतलेले. उलटी चालत पाण्यात बसली रे! अशी." आणि प्लॅटफॉर्मवर, नऊवारीचा ओचा सावरत, त्या दोन पावलं मागे सरकल्या.

नातवाची झोप उडाली. एवढं कुणी मनानं रचणार नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खात्री करून घ्यायला त्यानं माझ्याकडे पाहिलं. सून दुसरीकडे बघत होती.

मी बॅगा मोजत होते. एकोणीस माणसं, सदतीस डाग. छत्तीस भरले. परत मोजायला घेतले.