आधी लागणारी पिन

मागच्या सुट्टीत माझ्या बहिणीचा मुलगा आठ दिवस वडोदऱ्याला आमच्याकडे राहायला होता. शाळेचा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हमध्ये, आणि पेन ड्राइव्ह काही केल्या माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये जाईना. एकदा लावून पाहिला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला, तेव्हा कुठे बसला.

"मावशी, हे असलं कोणी बनवलंय गं?"

"आपल्याच गावच्या माणसानं," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. पण ते खरं आहे. यूएसबी ज्यांच्या पुढाकारानं तयार झालं ते अजय भट्ट मूळचे वडोदऱ्याचे, आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. पुढे अमेरिकेत इंटेल कंपनीत असताना, सात कंपन्यांना एकत्र घेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं. पहिलं यूएसबी जानेवारी १९९६ मध्ये जाहीर झालं. त्याआधी माऊसला एक प्लग, कीबोर्डला दुसरा, प्रिंटरला हाताच्या पंजाएवढा तिसरा आणि त्याला दोन बाजूंनी स्क्रू, असा कारभार होता. उलटसुलट कसाही बसेल असा प्लग त्यांनाही सुचला नव्हता असं नाही. पण त्यासाठी वायरी आणि सर्किट दुप्पट लागलं असतं, किंमत वाढली असती, आणि नवीन गोष्ट महाग असेल तर ती कोण घेणार? म्हणून एकाच बाजूनं बसणारा स्वस्त प्लग निघाला आणि जगभर माणसं तो तीन-तीनदा फिरवत बसली.

"आता पेन ड्राइव्हच्या तोंडात बघ," मी भाच्याला म्हटलं. "चार सोनेरी पट्ट्या दिसतात? सगळ्या सारख्या आहेत का?"

त्यानं उजेडात धरून पाहिलं. कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोन पट्ट्यांपेक्षा थोड्या पुढे आलेल्या असतात. फरक जेमतेम एक मिलिमीटरचा. वीज कडेच्या पट्ट्यांतून जाते, माहिती मधल्या दोन पट्ट्यांतून. प्लग आत सरकताना विजेच्या पट्ट्या आधी टेकतात, माहितीच्या नंतर. काढताना उलट. त्यामुळे यंत्राच्या पायाखाली आधी जमीन येते, मग बोलणं सुरू होतं.

"हे तुला कोणी शिकवलं?" त्यानं विचारलं. मी कनेक्टर बनवणाऱ्या एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे, त्यामुळे "कॉलेजात" असं उत्तर देणं सोपं होतं. पण ते खरं नव्हतं. खरं उत्तर मी घराबाहेर कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

साल १९९८, मे महिना. माझी दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती. दांडिया बाजारात आमच्या बाबांचं पंखे, इस्त्र्या, मिक्सर दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. दुकानात एक मदतनीस होता. तो गुजराती, आम्ही मुलं त्याला मोटाभाई म्हणायचो. दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला घरचा पत्र्याचा कूलर तोच साफ करून द्यायचा, पंप बघायचा, नवी गवताची जाळी बसवायचा.

त्या दिवशी दुपारी मला कूलर पुढच्या खोलीत हवा होता. तिथल्या एक्स्टेंशन बोर्डाचं वरचं, अर्थचं भोक आतून बुजलेलं होतं. तीन पिनांचा प्लग बसेना. बाबा दुकानात. घरात हॅकसॉची पात होती. वरची जाड पिन काही कामाची नसते, पंखा तर दोनच पिनांवर चालतो, असं मला वाटत होतं. पितळ मऊ असतं. दहा मिनिटांत पिन कापली गेली आणि कूलर सुरू झाला. मला स्वतःचं मोठं कौतुक वाटलं.

दोन दिवस तो तसाच चालला. तिसऱ्या दिवशी आई टाकीत पाणी भरत होती. फरशी ओली, पाय अनवाणी. तिच्या हाताची मागची बाजू कूलरच्या पत्र्याला लागली आणि ती मागे फेकली गेली. उंबरठ्यावर पडली, मनगट मोडलं. आतल्या पंपाच्या वायरीचं आवरण एका ठिकाणी खरचटलं होतं आणि वीज पत्र्यात उतरली होती. मागची बाजू लागली म्हणून वाचली असं बाबा नंतर म्हणाले. शॉक बसला की स्नायू आखडतात आणि मूठ मिटते. तळहातानं धरलं असतं तर हात सुटला नसता.

अर्थिंग असतं तर काय झालं असतं हे सांगते, कारण बऱ्याच घरांत ते नुसतं "असतं" एवढंच माहीत असतं. यंत्राचा पत्रा अर्थच्या वायरीनं वरच्या पिनेला जोडलेला असतो आणि तिथून जमिनीला. वीज पत्र्यात उतरली तर तिला जायला ही सोपी वाट मिळते, मोठा प्रवाह वाहतो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर फ्यूज उडत नाही. यंत्र मजेत चालू राहतं, पत्रा जिवंत तारेसारखा होऊन कुणी हात लावायची वाट बघत बसतो. अर्थ तुटलेलं यंत्र चांगलं चालतं, घोटाळा हाच आहे.

आईला प्लास्टर घालून घरी आणलं आणि बाबांनी प्लग पाहिला. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दुकानात गेले तेव्हा ते मोटाभाईला चार गिऱ्हाइकांसमोर बोलत होते. त्यानंच तर महिन्यापूर्वी कूलर तपासून दिला होता. "पिन कापून प्लग लावतोस? माझ्या घरात?" मोटाभाईनं प्लग हातात घेतला, कापल्याची खूण पाहिली, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घालून उभा राहिला. बोलला नाही. मीही बोलले नाही. डबा ठेवला आणि घरी आले.

दोन रात्री मी झोपले नाही. तिसऱ्या रात्री बाबांना सांगितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "उद्या सकाळी माझ्याबरोबर दुकानात यायचं."

सकाळी त्यांनी मुद्दाम गर्दी व्हायची वाट पाहिली. मग म्हणाले, "चार माणसांसमोर याला बोललो होतो, चार माणसांसमोरच माफी मागतो." आणि मोटाभाईपुढे हात जोडले. मग माझी पाळी. गुजरातीत दोन वाक्यं बोलायची होती, मला एकही धड आलं नाही. मोटाभाईनं तो कापलेला प्लग खणातून काढला, एक नवा प्लग आणि पेचकस माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "चाल, हवे तू लगाड." चल, आता तू लाव.

त्या सकाळी स्टुलावर बसून मी जे शिकले त्यावर माझी नोकरी उभी आहे. आपला तीन गोल पिनांचा प्लग म्हणजे १९३४ साली ब्रिटिशांनी केलेल्या मानकाचा वंशज. त्यांनी स्वतः १९४७ साली चौकोनी पिनांचा नवा प्लग काढला, आपण गोल पिना ठेवल्या. वरची पिन दोन कारणांनी वेगळी आहे. ती जाड आहे, म्हणजे चुकूनही वीज असलेल्या भोकात जात नाही. आणि ती लांब आहे, म्हणजे लावताना सगळ्यांत आधी लागते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. यंत्रात वीज यायच्या आधी पत्रा जमिनीला जोडलेला, वीज गेल्यानंतरच तो सुटणार. बऱ्याच पिनांना मधोमध चीर असते. तीही शोभेची नव्हे. चिरेमुळे पिन किंचित दबते आणि भोकात घट्ट बसते.

आणि मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट प्लगच्या बाहेर दिसतच नाही. मोटाभाईनं लाल आणि काळी वायर मापात कापायला लावली, पण हिरवी थोडी लांब, ढिली ठेवायला सांगितली. कुणी दोर ओढून वायरी उपटल्याच तर लाल-काळी आधी सुटावी, हिरवी शेवटी. (हल्ली दोरात तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी येते. नियम तोच.)

नोकरीत आल्यावर त्याच गोष्टीच्या दुसऱ्या बाजूशी गाठ पडली. दोन धातू एकमेकांना टेकले की पूर्ण टेकले असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कितीही गुळगुळीत पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगर-दऱ्यांसारखा असतो आणि फक्त काही शिखरं एकमेकांना भिडतात. सगळी वीज त्या थोड्या ठिपक्यांतून जाते. रॅग्नर होल्म नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानं आयुष्यभर याचाच अभ्यास केला. घरचा हिशेब करून बघा. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. सॉकेट सैल होऊन तिथे ०.१ ओहम एवढाच अडथळा आला, तरी त्या नखाएवढ्या जागेत साडेसात वॅट उष्णता तयार होते. तापलं की आतली स्प्रिंग आणखी सैल होते, सैल झाली की आणखी तापतं. गीझरचा प्लग काढल्यावर हाताला गरम लागत असेल किंवा सॉकेट पिवळं पडलं असेल, तर "जुनं झालंय" म्हणून सोडून देऊ नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

म्हणून आम्ही कनेक्टर करणारे दिवसभर कशात डोकं घालतो, तर स्प्रिंग किती जोरानं दाबेल आणि किती वर्षं दाबत राहील यात. जोर कमी झाला तर तापेल, जास्त झाला तर लावणाऱ्याची बोटं दुखतील आणि मुलामा खरवडला जाईल. कुठे कथील द्यायचं, कुठे एका मायक्रॉनहून पातळ सोनं द्यायचं, यावर बैठका होतात. घरी सांगितलं तर कुणाला पटत नाही की यावर पगार मिळतो.

झीज कुणी सोसायची, हाही निर्णय असतो. जुन्या यूएसबीची कमीत कमी १५०० वेळा लावण्या-काढण्याची हमी होती. मोबाइल रोज चार्ज करायचा तर ती चार वर्षांतच संपते. मायक्रो यूएसबी आलं तेव्हा ही संख्या १०,००० वर नेली आणि एक शहाणपणाची गोष्ट केली. झिजणाऱ्या स्प्रिंगा फोनमधून काढून केबलच्या टोकात घातल्या. खराब व्हायचंच असेल तर शे-दोनशेची केबल खराब होऊ दे. मला हे फार माणुसकीचं डिझाइन वाटतं. मॅकबुकनं २००६ साली लोहचुंबकाचा प्लग आणला, दोराला पाय अडकला तर लॅपटॉप खाली पडण्याऐवजी प्लगच सुटावा म्हणून. कल्पना मात्र नवी नव्हती. जपानी घरांत उकळत्या पाण्याच्या विजेच्या भांड्यांना असे चुंबकी प्लग आधीपासून होते. तिथेही प्रश्न स्वयंपाकघरातल्या पायात येणाऱ्या दोराचाच होता.

आता तुमच्या हातात टाइप-सी आहे. २०१४ साली ते आलं. चोवीस संपर्क, दोन्ही बाजूंनी सारखे, म्हणून कसंही लावा. वडोदऱ्याच्या माणसाला किमतीमुळे जे सोडून द्यावं लागलं होतं ते अठरा वर्षांनी जमलं. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलला हेच भोक असणं कायद्यानं बंधनकारक आहे. यातून आता २४० वॅटपर्यंत वीज जाऊ शकते, म्हणजे तीन-चार पंख्यांएवढी. आणि तरी उघडी केबल हातात धरली तर काही होत नाही, कारण समोर योग्य यंत्र जोडलं गेलंय हे एका वेगळ्या संपर्कातून कळल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही. भाच्याला मी भिंगाखाली त्याच्याच फोनची केबल दाखवली. तिथेही विजेचे आणि ग्राउंडचे संपर्क बाकीच्यांपेक्षा पुढे आलेले. त्याने बोट ठेवून विचारलं, "म्हणजे आजीच्या कूलरसारखंच?"

ही कूलरची गोष्ट त्याला कुणी सांगितली होती? मी आईकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

आईचं डावं मनगट थंडीत अजून दुखतं. या सव्वीस-सत्तावीस वर्षांत तिनं मला त्यावरून एक शब्द ऐकवलेला नाही. नातेवाइकांना ती "पाय घसरला" असंच सांगत आली. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मोटाभाईचं आता स्वतःचं दुकान आहे आणि तो कापलेला प्लग माझ्या ऑफिसच्या खणात आहे.

दुसऱ्या दिवशी मी भाच्यासाठी नवा प्लग, वायर आणि पेचकस आणला. तो पाटावर बसून तासभर झटला, स्क्रू दोनदा हरवला, एकदा फेज-न्यूट्रल उलटं केलं. शेवटी झाकण लावून तो प्लग घेऊन आजीकडे गेला. आईनं चष्मा चढवला, वरची पिन बोटानं चाचपली, दोर हलकेच ओढून पाहिला आणि म्हणाली, "हिरवी ढिली ठेवलीस ना रे?"