ट्रायपॉड उघडण्याआधी

अपोलो बंदरावर उभं राहावं. समोर गेटवे, पाठीशी ताजमहाल हॉटेल. गेटवे राज्य संरक्षित स्मारक; तिथे जाहिरातीचं शूट करायचं तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं दार ठोठावायचं. हॉटेलच्या इमारतीचं रूप २०१७ पासून नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. पर्यटकांनी खुशाल फोटो काढावेत, पण तोच घुमट विकायच्या मालावर छापायचा असेल तर हॉटेलची परवानगी हवी. नुसती मान वळवली की परवानगी देणारा बदलतो.

कॉपीराइट कायदा (१९५७) इथे उदार आहे. कलम ५२ प्रमाणे वास्तूचा किंवा सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापला तर कॉपीराइटचा भंग होत नाही. ट्रेडमार्कचा कायदा निराळा. दोन्हींची गल्लत फार होते.

सीएसएमटी. स्थानकाच्या आत रेल्वेची परवानगी, बाहेर फुटपाथवर महापालिका, वाहतूक अडली की पोलीस.

गोरेगावच्या चित्रनगरीतलं महामंडळ चित्रपट-मालिकांसाठी ‘एक खिडकी’ चालवतं. चांगलीच सोय. मात्र ज्याच्याकडे कागदपत्रं सांभाळणारा प्रॉडक्शन मॅनेजर आहे, त्याला ती जास्त उपयोगी. झवेरी बाजारातल्या छोट्या कारागिराचा कॅटलॉग करणारा फोटोग्राफर, एक मदतनीस, एक रिफ्लेक्टर – एवढ्या लवाजम्याला व्हॅनिटी व्हॅनवाल्यांइतकाच अर्ज कशासाठी? रस्ता न अडवणाऱ्या दोघा-तिघांसाठी एका दिवसाचा, मोबाइलवर मिळणारा, स्वस्त परवाना हवाच. तो नसला की माणूस पहाटे गुपचूप काम उरकतो आणि हवालदाराच्या मर्जीवर राहतो. हे दोघांनाही शोभत नाही.

ड्रोन नियम, २०२१. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही. त्यावर, दोन किलोपर्यंत, हौसेला सूट. पैसे घेऊन उडवलात तर प्रमाणपत्र हवं. शिवाय मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात. लग्नाची तारीख घेण्याआधी ते पाहून घ्यावेत, कारण वधूपक्षाला ड्रोनचा शब्द देऊन झालेला असतो.

परवान्यांच्या धावपळीत एक कागद हमखास राहतो: ग्राहकाशी करार. पैसे घेऊन, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळं काही ठरलं नसेल तर, कलम १७ नुसार तो ग्राहक. फोटोग्राफर कर्ता ठरतो, मालक नाही. कोटेशनमध्येच लिहावं: फोटो कुठे, किती काळ वापरणार आणि हक्क कोणाकडे. तरुण मुलं दरावर तासभर घासाघीस करतात आणि हे वाक्य घालायचं विसरतात.