बाबांची पिशवी

भिवंडीच्या आमच्या घरात कपाटावर साडीच्या दुकानाची एक पिशवी असते. बाबांचे सगळे कागद तिच्यात: शुगरचे रिपोर्ट, ईसीजी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मी सॉफ्टवेअरवाला, त्या पिशवीला हसायचो. बाबांचा १४ अंकी ‘आभा’ क्रमांक काढला आणि आईला म्हटलं, “आता ही टाकून दे.” तिने टाकली नाही.

मागच्या पावसाळ्यात बाबांच्या पायाची जखम चिघळली, रात्री ताप भरला. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलाने नाव, वय, मोबाइल टाइप केला. ‘ॲलर्जी’च्या रकान्यात न विचारताच ‘एनए’ लिहिलं. मी बघत होतो. बोललो नाही, कारण मलाही माहीत नव्हतं. आईने पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून नर्सपुढे धरला. आमच्या जुन्या डॉक्टरांनी लाल पेनाने लिहिलं होतं: पेनिसिलिन देऊ नये. ठरलेलं इंजेक्शन बदललं.

ॲपमध्ये बाबांच्या नावावर एकही नोंद नव्हती.

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ला देशभर सुरू झालं. त्यात नोंद ज्या दवाखान्यात झाली तिथेच राहते, आभाला जोडली जाते आणि पेशंटने संमती दिली की दुसरा डॉक्टर ती पाहतो. रचना चांगली आहे. पण आमच्या जुन्या डॉक्टरांकडे कॉम्प्युटरच नाही, जोडणार काय?

आणि मीही फॉर्मच बनवतो. रकाना सक्तीचा केला की लोक काहीतरी भरतात, एवढंच. ‘नाही’ आणि ‘विचारलं नाही’ यातला फरक आम्ही स्क्रीनवर ठेवतच नाही.

तरी पिशवीचा जयजयकार करवत नाही. आमच्या गल्लीतल्या लूमवर उत्तर प्रदेश, बिहारचे कामगार आहेत. गावी जाताना त्यांचे कागद खोलीवरच राहतात. टीबीच्या पेशंटची नोंद मात्र २०१२पासून ‘निक्षय’वर होते. पेशंट गावी गेला तर ती तिकडच्या केंद्राकडे पाठवता येते, औषधं मध्येच तुटू नयेत म्हणून. आहारासाठीचे महिना १००० रुपयेही त्याच नोंदीवरून बँकेत जातात. तिथे नोंद बरोबर असण्यावर कुणाचं तरी काही अडलेलं असतं.

म्हणून किती आभा निघाले, हा आकडा मला पुरत नाही. रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरने नोंद उघडली का, आणि तिच्यात खरं लिहिलेलं होतं का, एवढंच मोजावं.

परवा त्या पिवळ्या कागदाचा फोटो काढून तिघांच्या फोनमध्ये ठेवला. कागद परत पिशवीत गेला. आईने पिशवी कपाटावरून काढून दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आहे. आता मी हसत नाही.